अपघात झाला तर, आणि होऊ नये म्हणून : इंदिरानगरमधील कष्टकरी कुटुंबांसाठी योजनांची माहिती

इंदिरानगर म्हटले की १०० फूट रस्ता, मोठी हॉटेले आणि चकचकीत दुकाने डोळ्यांपुढे येतात. पण मोटप्पनपाळ्या, अप्पारेड्डीपाळ्या, बिन्नमंगल या जुन्या वस्त्याही याच भागात आहेत. त्या हॉटेलांत भांडी घासणारे, दुकानांच्या दारात रात्रभर उभे राहणारे, बांधकामावर विटा वाहणारे आणि जेवणाचे डबे दुचाकीवरून पोहोचवणारे लोक याच वस्त्यांत किंवा आसपास राहतात. त्यांत बेळगाव, बिदर, सोलापूर, लातूरकडून आलेली मराठी घरेही आहेत. हे पान तुमच्यासाठी आहे.

अपघातानंतर मिळणारी सरकारी मदत एका योजनेत नाही. ती सात-आठ ठिकाणी विखुरलेली आहे, आणि प्रत्येक ठिकाणची अट वेगळी. त्यामुळे हक्क असूनही पैसे मिळत नाहीत, असे होते. बहुतेक वेळा कारण एकच असते : पहिल्या दिवशी जो कागद व्हायला हवा होता तो झाला नाही. म्हणून आपण पहिल्या तासापासून सुरुवात करू.

पहिला तास

फोन ११२ वर करा. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांसाठी हा एकच क्रमांक आहे. फक्त रुग्णवाहिका हवी असेल तर १०८. दोन्ही मोफत आहेत. फोन घेणाऱ्याला मराठी येईलच असे नाही, हिंदी चालते. पण कन्नडची दोन वाक्ये पाठ असली तर गडबडीत फार उपयोग होतो. ‘अपघात आगिदे’ म्हणजे अपघात झाला आहे, आणि ‘आंब्युलन्स कळिसि’ म्हणजे रुग्णवाहिका पाठवा. अपघात हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, तेवढे आपले नशीब. जागा सांगताना पत्ता आठवत बसू नका. जवळची मोठी खूण सांगा आणि पुढे ‘हत्तिर’ म्हणजे जवळ हा शब्द जोडा : ‘इंदिरानगर मेट्रो हत्तिर’.

जखमीला जवळच्या दवाखान्यात न्या. सरकारी की खासगी, हा विचार त्या क्षणी करू नका. तातडीच्या रुग्णावर आधी उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितले आहे. ‘आधी पोलीस येऊ द्या’ असे म्हणून रुग्णाला दारात थांबवता येत नाही. इंदिरानगरात सर सी. व्ही. रामन जनरल हॉस्पिटल हे सरकारी रुग्णालय आहे. शिवाजीनगरचे बाउरिंग रुग्णालयही फार लांब नाही. डोक्याला गंभीर मार असेल तर पुढे निम्हान्सला पाठवले जाऊ शकते.

जखमी अनोळखी असेल आणि मदत तुम्ही करत असाल, तर मागे सरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव सांगायचे की नाही, हे तुमच्या इच्छेवर आहे. दवाखाना तुम्हाला पैसे भरायला लावू शकत नाही किंवा अडवून ठेवू शकत नाही. उलट २०२५ पासून केंद्राच्या ‘राह-वीर’ योजनेत गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला २५,००० रुपये बक्षीस ठेवले आहे. आधी ही रक्कम ५,००० होती. अर्थात बक्षीस हवे असेल तर नाव द्यावे लागेल, हे ओघानेच आले.

‘घरात पडलो’ असे सांगू नका

हा भाग दोनदा वाचा.

दुचाकी घसरली, परवाना जवळ नव्हता, किंवा धडक देणारा माणूस ओळखीचा निघाला आणि ‘पोलिसांत नको, खर्च मी देतो’ म्हणाला. अशा वेळी दवाखान्यात ‘जिन्यावरून पडलो’ असे सांगितले जाते. डॉक्टर तेच लिहितात. चार दिवसांनी खर्च वाढतो, तो माणूस फोन उचलत नाही, आणि तुमच्या हातात जो कागद आहे त्यावर रस्त्याचे नावही नसते. त्यानंतर मोफत उपचार, विमा, न्यायालयाची भरपाई, सगळे अडते. नंतर जबाब बदलता येतो, पण मग तुम्हीच खोटे बोललात हे आधी मान्य करावे लागते.

म्हणून जे घडले तेच सांगा. कधी, कुठे, कोणत्या वाहनाने. दवाखाना अपघाताची नोंद ‘मेडिको-लीगल केस’ म्हणून करतो. सगळे तिला एमएलसी म्हणतात. या नोंदीचा क्रमांक लिहून घ्या. पोलीस ठाण्यात एफआयआर झाल्यावर तक्रारदाराला तिची प्रत मोफत मिळते. ती मागून घ्या. वाहनाचा क्रमांक, जागेचा फोटो, पाहणाऱ्या एखाद्याचा फोन नंबर, जे मिळेल ते त्याच दिवशी गोळा करा. समोरच्याचा चेहरा बघून दया आली तरी कागद करून मग दया दाखवा.

मोफत उपचार : ४८ तासांपासून ७ दिवसांपर्यंत

फेब्रुवारी २०१६ मध्ये हरीश नंजप्पा नावाचा तरुण गुब्बीहून बेंगळुरूला दुचाकीवरून येत होता. नेलमंगलजवळ ट्रकने त्याला चिरडले. मृत्यू समोर दिसत असताना त्याने जमलेल्या लोकांना आपले अवयव दान करा, असे सांगितले. त्याचे डोळे दान झाले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक सरकारने त्याच्या नावाने ‘मुख्यमंत्री सांत्वना हरीश योजना’ सुरू केली. कर्नाटकात रस्ता अपघात झालेल्या कोणालाही, तो कुठल्याही राज्याचा असो, पहिल्या ४८ तासांत २५,००० रुपयांपर्यंतचा उपचार मोफत, असे तिचे स्वरूप होते. रेशनकार्ड कुठले, गाव कुठले, हे विचारायचे नाही, ही त्या योजनेतली सगळ्यात शहाणी गोष्ट.

५ मे २०२५ पासून केंद्र सरकारची रोकडरहित उपचार योजना देशभर लागू झाली आहे. मोटार वाहनामुळे कोणत्याही रस्त्यावर अपघात झाला, तर प्रत्येक जखमीला अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत १,५०,००० रुपयांपर्यंतचा उपचार यादीतल्या रुग्णालयात मोफत मिळतो. चूक कोणाची होती, वाहनाला विमा होता का, हे प्रश्न उपचाराच्या आड येत नाहीत. यादीत नसलेल्या रुग्णालयात नेले असेल, तर तिथे रुग्णाची प्रकृती स्थिर होईपर्यंतच्या उपचाराचा खर्च योजनेत धरला जातो आणि मग यादीतल्या रुग्णालयात हलवावे लागते.

यात एक मेख आहे. हा खरोखरच मोटार अपघात आहे, याला पोलिसांचा दुजोरा लागतो, आणि त्यासाठी मुदत तासांत मोजली जाते : साध्या जखमेत २४ तास, जिवावरच्या जखमेत ४८ तास. म्हणजे पुन्हा तेच. दवाखान्याने पोलिसांना कळवले का, हे घरातल्या एका माणसाने त्याच दिवशी विचारायचे. रुग्णाजवळ सगळ्यांनी बसून राहण्यापेक्षा एकाने हे काम अंगावर घ्यावे.

७ दिवसांनंतरचा, किंवा रस्त्याबाहेरच्या अपघाताचा खर्च असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना बघा. पात्र रेशनकार्डधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. तुमचे कार्ड महाराष्ट्रातले असेल तर आयुष्मान कार्ड बेंगळुरूतही चालते का, हे १४५५५ या क्रमांकावर आधीच विचारून ठेवा. दवाखान्याच्या काउंटरवर हा शोध घेण्यात अर्थ नाही.

नंतरचे पैसे

सर्वात स्वस्त आणि सर्वात विसरला जाणारा विमा म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला २० रुपये. वय १८ ते ७० आणि बँकेत किंवा पोस्टात बचत खाते, एवढीच अट. अपघाती मृत्यू किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय गमावल्यास २ लाख. एक डोळा, एक हात किंवा एक पाय गमावल्यास १ लाख. वर्ष १ जून ते ३१ मे असे चालते, आणि हप्ता साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यातून आपोआप कापला जातो. त्या आठवड्यात खात्यात २० रुपये नसतील तर संरक्षण संपते, आणि तसे झाल्याचे बऱ्याचदा लक्षातही येत नाही. म्हणून जूनमध्ये पासबुक भरून घ्या आणि ती २० रुपयांची ओळ डोळ्यांनी बघा. ई-श्रम कार्ड आहे म्हणजे अपघात विमा आहेच, असे धरून चालू नका. अपघात झाल्यास ज्या बँकेत खाते आहे तिथेच दावा करायचा, शक्यतो ३० दिवसांच्या आत. हा विमा फक्त रस्त्यापुरता नाही. विजेचा धक्का, पाण्यात बुडणे, उंचावरून पडणे, सर्पदंश यांतही चालतो.

धडक देऊन वाहन पळून गेले आणि सापडले नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर इजेसाठी ५०,००० रुपये मिळतात. अर्ज तहसील पातळीवरच्या चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. निर्णय जिल्हाधिकारी देतात. इथे वकील लागत नाही. पुढे वाहन सापडले आणि न्यायालयाने भरपाई दिली, तर ही रक्कम परत करावी लागते.

वाहन सापडले असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जा. कायद्यात मुदत अपघातापासून ६ महिन्यांची आहे, त्यामुळे उशीर करू नका. कोणाची चूक होती हे सिद्ध न करताही, कलम १६४ नुसार मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. खरे नुकसान त्याहून मोठे असेल तर चूक सिद्ध करून जास्त मागता येते. यातले काय निवडायचे, हे वकिलाला विचारून ठरवा. विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना वकील मोफत मिळतो. दवाखान्याच्या बाहेर ‘भरपाई मिळवून देतो, निम्मे माझे’ म्हणणारे भेटतील. त्यांच्या कोऱ्या कागदावर सही करू नका.

आता कामानुसार. डबे आणि सामान पोहोचवणाऱ्या गिग कामगारांसाठी कर्नाटकने २०२३ मध्ये स्वतंत्र विमा योजना सुरू केली. अपघाती मृत्यू झाल्यास घरच्यांना एकूण ४ लाख, कायमचे अपंगत्व आल्यास २ लाखांपर्यंत, आणि दवाखान्याचा खर्च १ लाखापर्यंत. हप्ता तुम्हाला भरायचा नाही, पण नोंदणी सेवा सिंधू संकेतस्थळावर आधीच झालेली हवी. कंपनीच्या ॲपवर नाव आहे म्हणजे सरकारी नोंदणी झाली, असे नाही. बांधकामावर काम करत असाल तर वर्षात ९० दिवस काम केल्याच्या दाखल्यावर बांधकाम कामगार कल्याण मंडळाचे कार्ड काढा. अपघाताच्या मदतीसाठी ते कार्ड लागते. ठेकेदार दाखला देत नसेल तर कामगार खात्याच्या १५५२१४ या क्रमांकावर सांगा.

सुरक्षारक्षक आणि हॉटेल कामगारांनी पगाराची पावती नीट पाहावी. ईएसआय म्हणून काही रक्कम कापली जात असेल तर तुमचा राज्य कामगार विमा आहे, आणि इंदिरानगरात ईएसआय रुग्णालयही आहे. घरून कामावर जाताना किंवा परत येताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल, तर कामावरचा अपघात धरला जातो. रात्री अकराला पाळी संपवून पायी घरी जाणाऱ्याला ही तरतूद माहीत असलीच पाहिजे.

शेवटी गॅस. सिलिंडरमुळे स्फोट किंवा आग लागल्यास तेल कंपन्यांचा विमा असतो; तुम्ही त्यासाठी वेगळे पैसे भरलेले नसले तरीही. मृत्यूसाठी माणशी ६ लाख, उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत, घराच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंत. उज्ज्वला जोडणीलाही तो लागू आहे. पोलिसांना आणि गॅस वितरकाला लगेच लेखी कळवा. जोडणी मात्र अधिकृत हवी. दुकानातून भरून आणलेल्या छोट्या सिलिंडरच्या अपघातात दावा उभा राहणे कठीण.

होऊ नये म्हणून

२०२२ साली भारतात रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरच्यांचा होता. बेंगळुरूत हा विषय निम्हान्सने फार पूर्वीच हाती घेतला. तिथले केंद्र इजा प्रतिबंधासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे सहयोगी केंद्र आहे, आणि २००७ च्या सुमारास त्यांनी शहरातली रुग्णालये व पोलीस यांना जोडून जखमींची पद्धतशीर नोंद ठेवण्याचा कार्यक्रम सुरू केला. कोण जखमी होतो, कुठे, किती वाजता, डोक्यावर काय होते, हे कळल्याशिवाय उपाय ठरत नाही, हा त्यामागचा विचार. चित्र काय दिसले? मरणारे आणि जखमी होणारे मुख्यतः पायी चालणारे आणि दुचाकीवरचे. गाडीत बसलेले कमी.

अशी नोंद एखादी वस्तीही ठेवू शकते. स्वीडनमधल्या फाल्शोपिंग या छोट्या गावाने १९७० च्या दशकाच्या शेवटी हेच केले. दवाखान्यात येणारा प्रत्येक अपघात लिहिला, मग शाळा, कारखाने आणि संघटना यांना एकत्र बसवून एकेक कारण दूर केले. काही वर्षांत घरातले, कामावरचे आणि रस्त्यावरचे अपघात सुमारे एक चतुर्थांशाने घटले. त्यात महागडे यंत्र कुठलेही नव्हते.

तुमच्या गल्लीत महिला बचत गट असेल तर एक वही घाला. गेल्या सहा महिन्यांत कोण पडले, कोण भाजले, कोणाला गाडी लागली. दहा नोंदी झाल्या की जागा आपोआप दिसतात : तोच अंधारा कोपरा, तोच उखडलेला पदपथ. मग ‘रस्ता धोकादायक आहे’ अशा मोघम तक्रारीऐवजी तारखांसह अर्ज करता येतो. दिवा, खड्डा, पदपथ यांसाठी महापालिकेचा १५३३; झेब्रा पट्टे किंवा गतिरोधक हवा असेल तर सोबत ट्रॅफिक पोलीस ठाण्यालाही अर्जाची प्रत. पोचपावती घ्यायला विसरू नका.

त्या वहीत बेंगळुरूचा एक खास धोका नक्की येईल, तो म्हणजे संप. इथे घराच्या किंवा इमारतीच्या अंगणात जमिनीखाली पाण्याची टाकी असते, तिला सगळे संप म्हणतात. टँकर आला की झाकण उघडतात आणि तसेच राहते. आई वर कामाला आणि मूल खाली खेळते आहे, अशा वेळी दोन मिनिटे पुरतात. तुम्ही ज्या इमारतीत काम करता तिथे झाकणाला कडी-कुलूप आहे का, हे मालकाला स्पष्ट विचारा. बांधकामावर पाण्याचे खड्डे असतील तर भोवती कठडा हवा. तो ठेकेदाराची जबाबदारी आहे, तुमच्यावर उपकार नाही.

पावसाळ्यात विजेची तार पडलेली दिसली किंवा खांबाजवळ पाणी साठले असेल, तर लांबून जा आणि १९१२ वर बेस्कॉमला कळवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये कडुगोडीला पदपथावर पडलेल्या तारेवर पाय पडून एक आई आणि तिची नऊ महिन्यांची मुलगी गेली. तेव्हा पहाट होती, अंधार होता.

दुचाकीवर हेल्मेट दोघांनीही घालायचे. मागे बसणाऱ्यालाही कर्नाटकात जानेवारी २०१६ पासून ते सक्तीचे आहे. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे जगभरच्या अभ्यासांत दिसले आहे. पण ते आयएसआय खुणेचे हवे आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला हवा. रस्त्याकडेला मिळणारी अर्धी टोपी दंड वाचवते, डोके नाही. चार वर्षांखालच्या मुलाला घेऊन जाताना त्याच्या मापाचे हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा हे केंद्राच्या नियमात आहेत, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत.

स्वयंपाकघरात गॅसची नळी दर ५ वर्षांनी बदला. तारीख नळीवर छापलेली असते. वास आला तर १९०६. कोणी भाजले तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरा. हळद, टूथपेस्ट, शाई, तेल काहीही लावू नका. डॉक्टरला ते सगळे आधी खरवडून काढावे लागते.

आजच करून ठेवण्यासारखे

आधार, बँक पासबुक आणि रेशनकार्ड यांवरचे नाव जुळते का बघा. मराठी घरांत हा घोळ हमखास असतो. गावाकडच्या कार्डावर वडिलांचे नाव मधे आणि आडनाव शेवटी, इथे काढलेल्या कार्डावर आडनावाच्या जागी नुसते आद्याक्षर, आणि लग्नानंतर बदललेले नाव तिसरेच. दावा अशा ठिकाणी महिनोन्‌महिने अडकतो. बँकेत गेलात की नामनिर्देशन कोणाचे आहे तेही विचारा. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर अजून आईचे नाव असेल आणि ती हयात नसेल, तर त्याच दिवशी फॉर्म भरून पती, पत्नी किंवा मुलाचे नाव घाला. शिक्का मारलेली पोच पासबुकात ठेवा, आणि पासबुक कुठे ठेवता ते घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवून ठेवा.